चवीची नोंदवही

गेल्या रविवारी भल्या सकाळी काचीगुड्याहून पायीच निघालो. बडी चावडी, सुलतान बाजार, कोठी ही आपल्या मराठी मंडळींची जुनी वस्ती मागे टाकली, अफजलगंजहून मुसा नदीवरील नया पूल ओलांडला आणि पत्थरगट्टीतून गुलजार हौजापाशी आलो. समोर १५९१ सालचा चारमिनार. त्याच्या पायथ्याशी, मक्का मशिदीलगत, निमराह नावाचे इराणी हॉटेल आहे. तेथे रविवारी उभे राहावयासही जागा मिळत नाही.

इराणी चहाची रीत वाचकांस ठाऊक असेलच. दूध निराळे आटत असते, चहाचा अर्क झाकलेल्या भांड्यात निराळा मुरत असतो आणि दोघांची भेट थेट पेल्यात होते. सोबत उस्मानिया बिस्किट. आधी गोड, मागाहून किंचित खारट. माझे वडील म्हणत, "बिस्किट चहात बुडवून चार आकडे मोजावेत, पाचव्याला ते पेल्यात राहते." आबिद रोडवरील ओरिएंट हॉटेलाची आठवण त्यांना फार होती. मख्दूम मोहिउद्दीन यांच्यासारखे कवी तेथे बसत. कोपऱ्यातील टेबलावरून कान देऊन ऐकणे एवढीच आमच्या तीर्थरूपांची मैफल. ते हॉटेल केव्हाच बंद झाले. तेथील चहा कसा होता, असे मी एकदा विचारले. वडील बराच वेळ विचार करून म्हणाले, "चांगला होता." ते गेले, आणि त्या चहाविषयी माझ्यापाशी आता तेवढा एकच शब्द उरला आहे.

त्या दिवशी खिशात काही पिवळी पडलेली कात्रणे होती. मुंबईच्या मेव्हण्यांनी ती जपून ठेवली होती आणि दिवाळीत मला दिली. लेखक बेहराम कॉन्ट्रॅक्टर, वाचकांचे 'बिझीबी'. १९३० साली जन्मलेला हा पारशी पत्रकार 'फ्री प्रेस', 'टाइम्स ऑफ इंडिया', 'मिड-डे' अशी वाटचाल करीत १९८५ साली स्वतःच्या 'आफ्टरनून' या सायंदैनिकाचा संपादक झाला आणि २००१ साली निवर्तला. रोजच्या मिस्कील सदरात त्यांचा बोल्शॉय नावाचा बॉक्सर जातीचा कुत्रा माणसाहून शहाणे बोलत असे. पण मला मोह पडला तो त्यांच्या खाण्याविषयीच्या लेखनाचा. आपल्याकडे पु. लं.नी 'माझे खाद्यजीवन' लिहून खवय्याला साहित्यात पाट मांडून दिला, परंतु पु. ल. यजमानाच्या पंगतीत बसतात, बिझीबी पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाकावर. पंचतारांकित भोजनगृह असो की इराण्याचा ब्रून मस्का, दोहोंकडे ते सारख्याच आस्थेने पाहत. शब्द साधे, विशेषणे बेताची. हैदराबादच्या खाण्याची स्तुती करणारे पैशाला पासरी आहेत; ओरिएंटच्या टेबलावर असा एक मनुष्य बसावयास हवा होता, असे चहा पिताना राहून राहून वाटले.

आणि मग स्वतःचीच लाज वाटली. कारण मीही पगारी खाद्यसमीक्षक आहे! शासकीय शाळेत मध्यान्ह भोजन मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने चाखावे लागते. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील विषारी अन्नाने तेवीस मुले दगावली; त्यानंतर या चाखण्याचे गांभीर्य कोणास सांगावे लागू नये. आमच्या शाळेत चाखून झाल्यावर वहीत शेरा लिहितात. माझा शेरा ठरलेला: 'समाधानकारक'. गेल्या महिन्यात एके दिवशी वरणातील डाळ दाताखाली कचकचली. बाहेर मुले ताटे वाजवीत होती. स्वयंपाकीणबाई पदराला हात पुसत उभी होती. "पप्पू बागुंदा, सार?" वरण बरे आहे ना? तिचे मानधन कित्येक महिन्यांचे थकलेले, हे मला ठाऊक होते. मी 'समाधानकारक' लिहिले. सातवीतील एका मुलीने भात चिवडून ताट तसेच ठेवले. ती घरून न जेवता येते, हेही मला ठाऊक होते.

निमराहच्या पायरीवर ती कात्रणे पुन्हा चाळली. बिझीबींच्या टीकेत पदार्थाचा दोष पदार्थाच्याच नावे मांडलेला असतो. वाढणाऱ्या पोऱ्याच्या माथी तो मारलेला नसतो. एवढी साधी गोष्ट एम.ए.ला समीक्षेची पुस्तके पाठ करूनही मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, डाळ पुन्हा कच्चीच लागली. बाईंना म्हटले, "अम्मा, अजून शिजू द्या." त्यांचा चेहरा उतरला, डाळच जुनी आली आहे, सकाळपासून चुलीवर आहे, असे त्या तेलुगूत सांगू लागल्या. मी मूठभर डाळ कागदात बांधून घेतली. मुले अर्धा तास ताटकळली. त्यांना तेवढा वेळ पाढे म्हणायला लावले, याबद्दल त्यांचा माझ्यावर राग आहे. वहीत लिहिले: 'भात उत्तम. भाजीत मीठ बेताचे. तूरडाळ जुनी, दोन तासांत शिजत नाही. नमुना सोबत जोडला आहे. स्वयंपाकात हयगय नाही.' शेरा चार ओळींचा झाला. रकाना एकाच ओळीचा असल्याने उरलेले समासात लिहावे लागले.