डाग कुठे, काम कुठे

एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला एफजीएफ-८ आलं. फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर या घराण्यातलं हे प्रथिन. त्याचं जनुक कोंबडीच्या भ्रूणात कुठे-कुठे चालू असतं, ते बघायचं. ग्रोथ फॅक्टरवर परीक्षेत टीप लिहिली होती मी. अंड्यासमोर बसल्यावर तिचा काडीचा उपयोग झाला नाही.

उबवणीचं अंडं ३८ अंशांवर साडेतीन दिवस ठेवलं, की कवचाला कात्रीने खिडकी पाडायची. बलकावर रक्तवाहिन्यांचं जाळं, मधोमध इवलासा भ्रूण आणि त्याचं हृदय चक्क धडधडत असतं! वय ठरवायचं ते हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांच्या १९५१च्या तक्त्यावरून. आमची सिनियर ताई एका नजरेत “स्टेज बावीस” म्हणून मोकळी. मला पंखाचा अंकुर कुठला नि पायाचा कुठला हेच उमगेना.

पुढे ‘इन सिटू’, म्हणजे जनुक कुठे चालू आहे ते भ्रूणातच रंगाने दाखवायची पद्धत. एफजीएफ-८च्या आरएनएला नेमका चिकटेल असा उलट क्रमाचा तुकडा, म्हणजे प्रोब. भ्रूण पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये (पीएफए) पक्का करायचा, रात्रभर गरम प्रोबमध्ये ठेवायचा, मग धुवायचं आणि धुतच राहायचं. आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्या बोटांवरच असतात, त्यामुळे ग्लोव्हजचं सोवळं इतकं कडक की नाक खाजवायचीही चोरी.

अखेर रंग चढला. अंकुराच्या अगदी कडेवर, एपिकल रिजमध्ये, बारीक जांभळी रेघ. मध्यमेंदू आणि पश्चमेंदूच्या सीमेवरही एक पट्टा. पण वाढत होतं ते कडेखालचं मेसोडर्म, आणि ते तर कोरं!

“ताई, काम खाली चाललंय, मग डाग वर कसा?”

“डाग आरएनएचा आहे गं. प्रथिन पेशीबाहेर पडून खाली जातं. ते यात दिसतच नाही.”

मग तिने जुने प्रयोग सांगितले. १९४८ साली जॉन साँडर्स यांनी ही रिज कापून टाकली, तर पंख अर्धवट राहिला. जितकी लवकर कापावी तितका तोकडा. १९९३मध्ये कापलेल्या रिजच्या जागी त्याच घराण्यातल्या एफजीएफ-४मध्ये भिजवलेले मणी ठेवले आणि वाढ चालू राहिली. आणि १९९५मधला प्रयोग ऐकून तर मी गारच झाले: पंख आणि पाय यांच्या मधल्या कुशीवर एफजीएफचा मणी ठेवला, तर तिथे चक्क एक जादाचा अवयव उगवला.

बरं, हेच एफजीएफ-८ पुढच्या मेंदूत मण्याने दिलं, तर पंख नाही, मध्यमेंदूसारखी रचना तयार होते! म्हणजे काय घडवायचं ते प्रथिनात लिहिलेलंच नाही. ज्या पेशीला ते मिळतं, तिच्या पूर्वतयारीवर सगळं अवलंबून. पाठ्यपुस्तकातला ‘ग्रोथ फॅक्टरकडून वाढीकडे’ जाणारा सरळ बाण बघून हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता आमच्या गाइड मॅडमनी स्प्राउटी नावाच्या जनुकाचा प्रोब दिलाय. एफजीएफ जिथे पोचतं तिथल्या पेशी स्प्राउटी चालू करतात, तेव्हा डाग या वेळी खाली पडायला हवा. गंमत म्हणजे हे स्प्राउटी पुन्हा एफजीएफच्याच संदेशाला लगाम घालतं.