करंगळी



तुमच्या वर्गात सरांना किंवा बाईंना सगळ्यांत जास्त वेळा करंगळी कोण दाखवतं? हसू नका! आज मी तुम्हाला करंगळीचीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यात चूक माझी आहे.

मी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक आहे. 2019 सालचा मार्च महिना होता. आदल्या वर्षी मराठवाड्यात पाऊस कमी झालेला. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण आमच्याच तालुक्यातलं. पण धरण तालुक्यात असलं म्हणून घरातला हंडा भरतोच असं नाही. शाळेतही पाणी मोजून मापून वापरावं लागायचं. "पाणी जपून प्या रे," असं मी रोज बजावायचो.

चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव मी सांगणार नाही, तसं त्याला कबूल केलं आहे. पाढे तोंडपाठ, खो-खोत तर असा चपळ की हाती लागायचा नाही. पण त्या महिन्यात त्याचं काहीतरी बिनसलं. दर अर्ध्या तासाला करंगळी वर! "सर, एकीला जाऊ?" जाऊन आला की माठाकडे. एक पेला, दोन पेले, तीन पेले. पुन्हा करंगळी. मुलं खुदूखुदू हसायची. कुणीतरी त्याला 'टँकर' असं नाव पाडलं.

एक दिवस मी चिडलो. म्हणालो, "अभ्यास टाळायला हे बरं निमित्त सापडलंय तुला! पाणी कमी पी. आता मधल्या सुट्टीपर्यंत जागचं हलायचं नाही."

तो बसून राहिला. मधली सुट्टी व्हायच्या आतच त्याची चड्डी ओली झाली. सगळा वर्ग हसला. तो मात्र रडला नाही. बाकावर डोकं टेकून झोपून गेला. नऊ वर्षांचं धावणारं पोर भरदिवसा वर्गात झोपतं, याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही.

पुढचे दोन दिवस तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी राहणारी वर्गातलीच एक मुलगी माझ्या टेबलाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तो मुद्दाम नव्हता करीत. घरी बी रात्रीतून दोन-दोन तांबे पाणी पितो. अंथरूण ओलं करतो. आणि सर, तो जिथं एकीला बसतो ना, तिथं मुंग्या लागतात."

मुंग्या! हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात धस्स झालं.

मुलांनो, 'मधुमेह' हा शब्द फोडून पाहा. मधु म्हणजे मध. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी शेकडो वर्षांपूर्वी पाहिलं होतं की काही आजाऱ्यांच्या लघवीला मुंग्या लागतात, म्हणजे ती गोड असते. त्यावरूनच हे नाव पडलं. हे मला ठाऊक होतं. पण मधुमेह म्हणजे आजी-आजोबांचा आजार, ही माझी समजूत. चौथीतल्या मुलाला तो होईल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

मी तडक त्याच्या घरी गेलो. त्याची आई म्हणाली, "सर, लेकरू सुकून चाललंय बघा. जेवतंय लई, पण अंगी लागंना. कालपासून पोट दुखतंय, उलट्या होतायत. सलाईन लावून आणलं, तरी फरक नाही." पोरगा खाटेवर पडलेला. श्वास जोरजोरात आणि खोल चाललेला, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास.

"याची शुगर तपासली का?" मी विचारलं.

"एवढ्याशा लेकराला कुठं शुगर असती व्हय, सर?"

त्याला उचलून आम्ही जिंतूरला नेलं. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब छोट्या यंत्राच्या पट्टीवर घेतला. अर्ध्या मिनिटाचं काम. पण यंत्रावर आकडा आलाच नाही. 'हाय' असा इंग्रजी शब्द आला. म्हणजे साखर इतकी वाढली होती की यंत्राला मोजता येईना. लगेच 108 ची गाडी बोलावली, आणि 40-45 किलोमीटरवरच्या परभणीला. तीन दिवस त्याची आई दवाखान्याच्या पायरीवर बसून होती. चौथ्या दिवशी त्याने डोळे नीट उघडले आणि जेवायला मागितलं. डॉक्टर मला म्हणाले, "आणखी एक दिवस गेला असता तर सांगता येत नव्हतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. 'पाणी कमी पी' असं मी कुणाला सांगितलं होतं? ज्याचं शरीर पाण्यासाठी तडफडत होतं त्याला!

आता हा आजार काय आहे ते ऐका. आपल्या पोटात, जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव असतो. तो इन्सुलिन तयार करतो. आपण भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. ती पेशींच्या आत जायला दाराला किल्ली लागते. ही किल्ली म्हणजे इन्सुलिन. काही मुलांच्या शरीरातले रोगाशी लढणारे शिपाईच चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करतात. मग किल्ली नाही, दार बंद. रक्तात साखर भरपूर, पण पेशी उपाशी! शरीर ती जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, तिच्याबरोबर पाणीही जातं, म्हणून तहान लागते. उपाशी शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळू लागतं, म्हणून मूल वाळतं. त्यातूनच रक्तात आम्ल साठतं, आणि मग उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास.

हा आजार जास्त पेढे खाल्ल्याने होत नाही. शिवल्याने किंवा उष्टं खाल्ल्याने लागत नाही. आईबापाच्या चुकीने नाही आणि बाहेरच्या बाधेने तर मुळीच नाही.

एक काळ असा होता, की हा आजार झालेलं मूल फार दिवस जगत नसे. 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून इन्सुलिन मिळवलं. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं. ते औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. जेम्स कॉलिप यांनी ते आणखी शुद्ध केलं, 23 जानेवारीला पुन्हा दिलं, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. बँटिंग यांचा जन्मदिवस 14 नोव्हेंबर. म्हणजे आपण ज्या दिवशी बालदिन साजरा करतो, त्याच दिवशी जगभर मधुमेह दिन पाळतात.

इटलीतल्या पार्मा भागात 1991 साली एक साधी गोष्ट केली गेली. शाळांमध्ये आणि डॉक्टरांकडे एक भित्तिचित्र लावलं: मूल खूप पाणी पितं का? पुन्हा अंथरूण ओलं करू लागलंय का? तर तपासा. आधी तिथली शंभरातली 78 मुलं गंभीर होऊनच दवाखान्यात पोचत. काही वर्षांत ते प्रमाण साडेबारावर आलं. एका चित्राने! तसलं चित्र आमच्या वर्गात असतं तर?

म्हणून या चार खुणा वहीत लिहून घ्या.

1. सारखी तहान लागणे.
2. सारखं लघवीला जावं लागणे. मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं होणे.
3. खाऊन-पिऊनही वाळत जाणे.
4. खेळकर मूल सुस्तावणे, थकणे.

"उन्हाळा आहे, तहान लागणारच," असं म्हणून सोडू नका. उन्हाळ्याची तहान सगळ्या वर्गाला लागते. एकट्यालाच लागत असेल तर ती वेगळी. त्याच दिवशी घरी सांगा, सरांना-बाईंना सांगा, आणि डॉक्टरांना म्हणा, "याची रक्तातली साखर तपासा." उलट्या किंवा जोराचा श्वास असेल तर एक तासही थांबू नका.

आमचा विद्यार्थी महिन्याभराने शाळेत आला. रोज इन्सुलिनची इंजेक्शनं; ती स्वतः घ्यायलाही तो शिकला. घरी फ्रीज नाही, म्हणून बाटली डबीत घालून ओल्या वाळूच्या माठात ठेवायची. माझ्या खणात साखरेचा डबा आला. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर कधी एकदम उतरते. घाम येतो, हातपाय थरथरतात. तेव्हा लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. हे सगळ्या वर्गाला पाठ झालं. 'टँकर' हे नाव मुलांनीच बंद केलं. आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला, डॉ. अर्चना सारडा यांनी अशा मुलांसाठी 'उडान' ही संस्था उभी केली आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

मी त्याची सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "जाऊ द्या ना, सर." 2025 साली तो दहावी पास झाला. खो-खो अजून खेळतो.

मुलांनो, त्या मुंग्या मला दिसल्या नाहीत, डॉक्टरांना दिसल्या नाहीत. त्या दिसल्या चौथीतल्या एका मुलीला. तुम्ही एकमेकांच्या शेजारी बसता, एका बाटलीतलं पाणी पिता, म्हणून तुम्हाला आमच्या आधी कळतं. फक्त हसण्याऐवजी सांगा. सर रागावले, तरी सांगा.

सांगाल ना?