कोलोराडोचं दुकान, वॉशिंग्टनचा शिक्का

चि. निखिल,


डेन्व्हरमधल्या एका गांजाच्या कंपनीने तुला हिशेब विभागात नोकरी देऊ केली आहे आणि पुढच्या वर्षी तुला नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे, असं तू कळवलंस. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

कोलोराडोच्या मतदारांनी २०१२ साली गांजाला मुभा दिली आणि २०१४ च्या जानेवारीत दुकानं उघडली. त्यांना परवाना असतो, कर भरला जातो, वयाचा दाखला पाहूनच माल दिला जातो. पण १९७० च्या फेडरल कायद्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला बसवलं, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही सगळी खाती फेडरल सरकारची. राज्याने दिलेली परवानगी त्यांच्या टेबलावर चालत नाही. गांजाला कमी धोकादायक पदार्थांच्या यादीत टाकण्याचा प्रस्ताव २०२४ साली आला. पण यादी बदलली तरी तो नियंत्रित पदार्थच राहतो, आणि इमिग्रेशन कायद्याला तेवढं पुरतं.

तुझ्याच गावात २०१९ साली हे घडलं. गांजाच्या परवानाधारक धंद्यात काम केलेल्या दोन स्थलांतरितांना नागरिकत्व नाकारलं गेलं. त्यांनी राज्याचा कोणताही कायदा मोडला नव्हता. महापौर मायकल हॅनकॉक यांनी थेट अ‍ॅटर्नी जनरल विल्यम बार यांना पत्र लिहिलं. पण त्याच वर्षी एप्रिलच्या १९ तारखेला नागरिकत्व खात्याने लेखी जाहीर केलं, की राज्यात कायदेशीर असली तरी अशी नोकरी अर्जदाराच्या ‘सद्वर्तना’ला बाधा आणू शकते. साधारणपणे अर्जाआधीच्या पाच वर्षांचं वर्तन तपासलं जातं. रोपाला हातही न लावता नुसते हिशेब लिहिणाऱ्याने आपण सुरक्षित आहोत असं धरून चालू नये.

एड्रियन मॉन्क्रिफची हकिगत तर प्रत्येक ग्रीन कार्डधारकाला माहीत असायला हवी. तो जमैकाहून १९८४ साली, तीन वर्षांचा असताना, रीतसर अमेरिकेत आला. २००७ साली जॉर्जियात पोलिसांनी त्याची गाडी थांबवली. सापडला १.३ ग्रॅम गांजा, म्हणजे दोन-तीन सिगारेटींपुरता. त्याने गुन्हा कबूल केला आणि सरकारने त्याला अमली पदार्थांच्या तस्करांत जमा करून हद्दपारीचा आदेश काढला. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सात विरुद्ध दोन मतांनी तो ठपका पुसला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी निकालपत्र लिहिलं. एवढं होऊनही त्याला मिळालं काय? दयेचा अर्ज करण्याची संधी. देशात राहण्याचा हक्क नव्हेच. एवढ्याशा पुडीसाठी माणसाचं अख्खं आयुष्य उखडायला निघणारा कायदा मला अन्यायाचाच वाटतो.

होझे पाडिया मूळचा होंडुरासचा, व्हिएतनाम युद्धात लढलेला. चाळीस वर्षं अमेरिकेत कायदेशीर राहिला होता. ट्रकमधून गांजा नेताना पकडला गेला, तेव्हा त्याच्या वकिलाने सांगितलं की इतकी वर्षं इथे असल्यामुळे घाबरायचं कारण नाही. तो सल्ला साफ चुकीचा होता. गुन्हा कबूल केल्यावर हद्दपारी समोर उभी राहिली. त्याच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या निकालापासून हद्दपारीचा हा धोका अशिलाला सांगणं फौजदारी वकिलावर बंधनकारक आहे.

आता गांजा बाळगल्याच्या खटल्यातून गेलेल्या तुझ्या ग्रीन कार्डधारक मित्राचं. स्वतःपुरता तीस ग्रॅमपर्यंतचा गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा असेल, तर त्यासाठी ग्रीन कार्डधारकाला देशातून काढता येत नाही. म्हणून तो निर्धास्त आहे. पण ही सवलत आत राहणाऱ्यालाच. तो आईच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आला, तर परतताना विमानतळावर त्याला नव्याने प्रवेश मागणारा समजता येतं, आणि तिथे तोच गुन्हा आडवा येतो. गुन्हा सिद्ध झालेला नसला तरी कायद्याला अपेक्षित अशी कबुली अधिकाऱ्यासमोर दिली, तर तीही पुरते. खोटं तर मुळीच बोलू नये, त्याने वेगळी आणि जन्माची अडचण होते. दंड भरून खटला मिटला, असं तो म्हणतो. राज्याच्या कोर्टाने मिटलं म्हटलं, तरी गुन्हा कबूल करून शिक्षा किंवा बंधन स्वीकारलं असेल तर इमिग्रेशन कायदा त्याला दोषसिद्धीच मानतो. बायडन यांच्या २०२२ च्या माफीवर त्याने विसंबू नये. ती फेडरल आणि राजधानीतल्या गुन्ह्यांपुरती होती, कोलोराडोच्या कोर्टातल्या खटल्यांना ती लागूच नाही.

तेव्हा तिकीट काढण्याआधी त्याने कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती घेऊन इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. खटला चालवणारा वकील इथे पुरणार नाही. तू नोकरीला नकार कळव, आणि तोंडी होकार आधीच दिला असशील तर कामावर रुजू होण्यापूर्वी तूही इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घे. काय ठरतं ते मला रविवारच्या आत कळव.

तुझी,
सुधाआत्या