धुता येणारी फोटोची गोधडी

घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून काढायचं, हा आमच्या भागातला नियम. नांदूर मधमेश्वरहून निघालेला गोदावरीचा उजवा कालवा राहाता तालुक्यापर्यंत येतो. घटस्थापनेच्या सुमाराला पाण्याचं आवर्तन सुटलेलं असलं की बायका गोधड्यांची गाठोडी घेऊन कालव्यावर जात. धुण्याचा सोडा, साबण आणि लाकडी धोपाटणं, एवढ्यावर वर्षभराची धूळ निघायची. ओली गोधडी एकटीला उचलवत नाही, म्हणून दोघींनी दोन टोकं धरून ती पिळायची. ज्या गोधडीचे टाके त्या दिवशी उसवत नसत, ती चांगली गोधडी. माझ्या आईने आयुष्यभर गोधडीची पारख अशीच केली.

आई गेल्यावर तिची सुती लुगडी माझ्याकडे आली. त्याच सुमारास भाची शिकायला पुण्याला निघाली. ती म्हणाली, “मावशी, आजीच्या लुगड्यांची गोधडी करून दे. आणि तिच्यावर आजीचे फोटो हवेत. पण कपाटात ठेवायची नको. मी रोज पांघरणार आणि धुणार.”

तिच्या या शेवटच्या वाक्यामुळे काम अवघड झालं. फोटो कापडावर उमटवणं आता सोपं आहे. तो धुण्यात टिकवणं वेगळं.

फोटो छापून देणारी दुकानं राहात्यापासून शिर्डीपर्यंत आहेत. कप, उशीचा अभ्रा, टी-शर्ट, सगळ्यावर फोटो मिळतो. या कामाला सब्लिमेशन म्हणतात. खास कागदावर छापलेलं चित्र सुमारे दोनशे अंश सेल्सिअस उष्णतेखाली दाबलं की शाईची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. तिथे ती इतकी पक्की बसते की धुण्याने जात नाही. पण सुती धाग्यात ही शाई धरतच नाही. माझ्या हातात होती सुती लुगडी. त्यांच्यामध्ये चकचकीत पॉलिएस्टरचे चौकोन मला नको होते. इस्त्रीने चिकटवायचा ट्रान्सफर कागदही पाहिला. त्याचा कापडावर प्लास्टिकसारखा पापुद्रा बसतो. त्यातून सुई गेली की भोक तसंच राहतं, आणि घडीवर तो पापुद्रा तडकतो. गोधडी म्हणजे सगळीकडून टाके. तिथे हा कागद चालणार नव्हता.

मग घरचा इंक टँकचा प्रिंटर उरला. इथे शाईचा प्रकार समजून घ्यावा लागला. प्रिंटरच्या शाया दोन जातींच्या असतात. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते, म्हणून कागदावर रंग खुलतात, पण पाणी लागलं की पसरतात. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते विरघळत नाहीत, धाग्याला धरून बसतात. घरगुती वापराच्या कितीतरी प्रिंटरांमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे असतात. आपल्या प्रिंटरची शाई कोणती आहे, ते कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कापड मशीनमध्ये घालू नये.

आमच्या प्रिंटरचंही तसंच होतं, आणि त्यातूनच वाट मिळाली. आईचे जुने फोटो बहुतेक कृष्णधवलच. लग्नानंतर स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे काढलेला एक, भावंडांबरोबरचा एक, रेशनकार्डासाठी काढलेला छोटा एक. ते फक्त काळ्या शाईत छापले तर पाण्याची भीती कमी. त्यासाठी सेटिंगमध्ये साधा कागद आणि ग्रेस्केल निवडायचं. फोटो पेपर निवडला तर अनेक प्रिंटर तीन डाय रंग मिसळून काळा तयार करतात, आणि तो काळा पहिल्या पाण्यातच जांभळट होऊन वाहतो. छोट्या चिंध्यांवर दोन्ही प्रकारे छापून, बादलीत बुडवून मी हा फरक पाहून घेतला.

कापड तयार करणं हा कामाचा निम्मा भाग. आपल्याकडच्या कारागिरांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे. कलमकारीचं कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवून वाळवतात. हिरड्यातला तुरटपणा रंग धरतो आणि दुधाची स्निग्धता रेष पसरू देत नाही. तो हिरडा आमच्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या डोंगरात वेचला जातो. मात्र हिरड्याने कापड पिवळसर होतं, म्हणून फोटोसाठी मी तो घेतला नाही. दाट विणीचं पांढरं सुती पॉपलिन आणलं. गरम पाणी आणि सोड्याने त्याची खळ पूर्ण काढली, कारण खळ राहिली तर शाई खळीवर बसते आणि खळीबरोबर निघून जाते. कापड सुकवून कडक इस्त्री केली.

नुसतं कापड प्रिंटरमध्ये जात नाही, त्याला पाठबळ लागतं. परदेशात गोधडी करणाऱ्या बायका त्यासाठी एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असलेला कागद इस्त्रीने चिकटवतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा ए-फोर आकाराचा अखंड स्टिकर पेपर हेच काम करतो. स्टिकरपेक्षा थोडं मोठं कापड घ्यायचं, त्यावर स्टिकर चिकटवायचा, वरून लाटणं फिरवून हवा काढायची आणि मग कडा तंतोतंत कापायच्या. एकही सुटा धागा राहू द्यायचा नाही, तो आतल्या रुळात अडकतो. शक्य असेल तर कागद मागच्या बाजूने घालावा, तिथे वळण कमी असतं. लेझर प्रिंटरमध्ये हे कधीही करू नये. त्याच्या तापलेल्या रुळाने स्टिकरचा गोंद वितळतो आणि मशीन कायमचं बिघडू शकतं.

फोटो मोबाइलने, दिवसाच्या सावलीत, फ्लॅश न लावता टिपले. छोटा फोटो दुकानातून 600 डीपीआयवर स्कॅन करून घेतला, कारण तो मोठा करायचा होता. कापडाची वीण बारकावे गिळते आणि चित्र मंद दिसतं, म्हणून उजेड आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक दोन्ही वाढवले. चारी बाजूंनी शिवणीसाठी अर्धा इंच सोडला. छापून झाल्यावर कापड रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी स्टिकर सोडवला आणि वर कोरा कागद ठेवून वाफ न देता इस्त्री फिरवली. मग भरपूर थंड पाण्यात पटकन खळबळून काढलं. पाणी कमी असलं तर सुटलेली शाई पांढऱ्या भागावर बसते.

पहिल्या धुण्यात काळा रंग थोडा उतरतो, म्हणून फोटो मुळात गडद छापावा. त्यानंतर तो बराच स्थिर राहतो. मी एक छापील तुकडा कापून त्याच्या पट्ट्या केल्या. एक न धुता ठेवली, एक मशीनमध्ये घातली, एक सोडा आणि धोपाटण्याने धुतली, एक रिठ्याच्या पाण्यात. रिठ्याची पट्टी मूळच्या सर्वांत जवळ राहिली. मशीनची त्याखालोखाल. धोपाटण्याखालची छटा लवकर विरली, कारण पिगमेंट धाग्याच्या वर बसलेलं असतं आणि घासण्याने झडतं.

भाचीला निळ्या फोटोंचंही आकर्षण होतं. जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली सायनोटाइपची रीत कापडावर उत्तम उतरते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइडचं द्रावण लावलेल्या कापडावर पारदर्शक शीटवर छापलेली निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्याने धुवायचं. आमच्या उन्हात चित्र झटपट येतं आणि दिसतंही देखणं. पण हा निळा रंग क्षारात टिकत नाही. धुण्याच्या सोड्याने तो पिवळा पडून जातो. भिंतीवर टांगायच्या कापडासाठी ही रीत सुंदर आहे. रोजच्या पांघरुणासाठी मी ती बाजूला ठेवली.

या सगळ्यात सासूबाईंनी एक गोष्ट बजावली. “गेलेल्या माणसाचा चेहरा पायाखाली यायला नको.” मला ते पूर्ण पटलं. म्हणून ही गोधडी अंथरायची नाही, पांघरायचीच, असं ठरलं. सगळे फोटो डोक्याकडच्या अर्ध्या भागात घेतले आणि पायाकडे लुगड्यांचे काठ लावले. धावदोरा कडेपासून आत चौकोनात नेत गेले, पण चेहऱ्यावरून टाका घातला नाही. चेहऱ्याभोवती दाट टाके घेतले. आत कापूस नाही, लुगड्यांचेच थर आहेत, त्यामुळे मधली मोकळी जागा सरकत नाही की गोळा होत नाही. अर्धी गोधडी सासूबाईंनी शिवली. शिवताना फोटोतल्या माणसांची नावं, नाती आणि गावं त्यांनी सांगितली, तेव्हाच ती लिहून ठेवता आली.

फोटोचे तुकडे मी मुख्य कापडात जोडले नाहीत, वरून ठिगळासारखे शिवले. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदी नावाच्या गोधडीत आणि आपल्याकडच्या गोधडीत हाच धर्म आहे: विरलं की वर नवा तुकडा. कापडावरचा कुठलाही फोटो कधी ना कधी फिकट होणार. तेव्हा तो न उसवता त्याच्यावर नवा छापून शिवायचा. त्यासाठी मूळ फाइल जपायची. आमच्या फाइली तीन घरांत ठेवलेल्या आहेत.

गोधडी आता पुण्यात आहे. भाची ती रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य द्रव साबणात, थंड पाण्याने धुते आणि उलटी करून सावलीत वाळवते. घट बसायच्या आधी ती आमच्याकडे येते आणि दोघीजणी मिळून पिळतो. आईच्या डोळ्यांभोवतीची काळी छटा थोडी मऊ झाली आहे. चेहरा स्वच्छ ओळखू येतो.

ज्यांच्या घरी जुनी लुगडी आणि जुने फोटो आहेत त्यांना माझं सांगणं आहे. आधी प्रिंटरची शाई तपासा, चिंधीवर छापून धुवून पाहा, मगच चांगल्या कापडाला हात लावा. फोटोतले चेहरे ओळखणारं माणूस घरात असेल तर त्याला शेजारी बसवून हे काम करा. आणि झालेली गोधडी कपाटात ठेवू नका. ती पांघरायला द्या.