पदाच्या अगोदरचा श्वास

संगीत नाटकांतील पात्र गाऊं लागलें कीं नाटक थांबतें, ही तक्रार फार जुनी आहे; आणि ती करणारे सगळेच कांहीं गाण्याचे वैरी नसतात. विद्यापीठाच्या नाट्यवर्गांतील गाणार्‍या मुलामुलींना अभिनय शिकविण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे आहे, त्यामुळें ही तक्रार आम्हांस रोज डोळ्यांनीं पाहावयास मिळते. संवाद चालले आहेत तोंवर विद्यार्थिनी शारदा असते. ऑर्गनचा पहिला सूर निघाला कीं तिचे डोळे मिटतात, उजवा हात वर उठतो, आणि शारदेच्या जागीं परीक्षेस बसलेली गायिका उभी राहते. पद संपल्यावर शारदा परत येते. पण मध्यंतरीं ती कोठें गेली होती, हें प्रेक्षकांस कळत नाहीं.

वास्तविक या नाट्यप्रकाराचा जन्म असा झाला नव्हता. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सुरू केलेल्या खेळांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. १८८० सालच्या ३१ ऑक्टोबर रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतला'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हां नवलाई होती ती हीच, कीं ज्याचें पद त्यानेंच म्हणावयाचें. गाणें पात्राच्या मुखांत आलें, म्हणजे तें त्याचें भाषणच झालें. साकी, दिंडी यांसारख्या आटोपशीर चालींत बोलणें आणि गाणें यांमधील उंबरठा फार उंच नव्हता. पुढें १९११ सालीं 'मानापमान' आलें, १९१६ सालीं 'स्वयंवर' आलें. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चालींनीं रागदारी घरोघर पोंचविली. तें वैभव नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाहीं. परंतु मागाहून येणार्‍यांनीं बालगंधर्वांची तान उचलली, आणि त्या तानेआधीं शब्द किती जिव्हाळ्यानें उच्चारला जात होता, तें उचलावयाचें बहुधा राहून गेलें.

नाटक मंडळ्यांच्या काळीं पोरगा बिर्‍हाडीं राहून, रात्रीमागून रात्री विंगेंत उभा राहून हें शिकत असे. आतां पुण्याच्या विद्यापीठांत १९८७ पासून ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठांत २००३ पासून नाट्यकलेची अकादमी आहे. सोय झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण मंडळींत दहा वर्षांत अंगीं मुरे तें वेळापत्रकाच्या तासांत मुरवावयाचें, ही अडचण उरलीच.

म्हणून गेल्या हिंवाळ्यांत आम्ही आठ विद्यार्थी घेऊन पालघरजवळच्या शिरगावास आठवडाभर जाऊन राहिलों. गांवांत समुद्राकांठीं जुना किल्ला आहे. १७३९ सालीं तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. तेथील फांद्या फुटलेलें ताडाचें झाड मुलांना किल्ल्याहूनही नवलाचें वाटलें. आम्हांस मात्र तेथला वारा हवा होता. वार्‍यांत नुसता गोड आवाज चार पावलांवर विरून जातो. कोणाला तरी उद्देशून टाकलेला शब्द मात्र पोंचतो.

देवलांच्या 'शारदें'तील एक पद आम्हीं बसविण्यास घेतलें. म्हणणारी मुलगी दहा वर्षें गाणें शिकलेली. पहिले दोन दिवस तिला आम्हीं गाऊं दिलें नाहीं. पदाचे शब्द गद्यासारखे बोलावयाचे, आणि प्रत्येक ओळ कोणास सांगतेस तें ठरवावयाचें, एवढेंच काम. तिसर्‍या दिवशीं पदाच्या अगोदरचें वाक्य घेतलें. त्या वाक्यानंतर शारदा जो श्वास घेते, तो गायिकेचा नसून धसका बसलेल्या पोरीचा असला पाहिजे. बोलणें अपुरें पडलें म्हणूनच तिनें सुराचा आश्रय घ्यावयाचा. शेजारीं उभ्या असलेल्या सोबतिणीसही काम दिलें: ही गात असतां तूं ऐकतेस कीं टाळीची वाट पाहतेस? स्तानिस्लाव्स्की १९१८ सालीं मॉस्कोंत ऑपेराच्या गायकांना शिकवूं लागला, तेव्हां त्याच्याही पुढें हाच प्रश्न होता, हें आम्हीं मुलांना सांगितलें.

मुलगी रुसली. "सर, ताना कमी केल्या तर परीक्षक म्हणतील, तयारीच नाहीं. आणि घरीं गुरुजींना काय सांगूं?" तिचें म्हणणें खोटें नव्हतें. गळा ही तिची दहा वर्षांची पुंजी. ती झांकून ठेव असें आम्हीं कोणत्या अधिकारानें सांगावयाचें? आम्ही म्हटलें, "तान सोडूं नकोस. पण ती शारदेला आली पाहिजे, तुला येते म्हणून नको."

पांचव्या दिवशीं सायंकाळीं तिनें वाळूंत उभें राहून तें पद म्हटलें. ताना दोनच आल्या, त्याही तुटक. पलीकडे वाळत घातलेले बोंबील गोळा करणारी एक म्हातारी हातांतलें काम टाकून जवळ आली आणि मुलीला म्हणाली, "काय झालं गो बाय?" मुलगी हसली, आणि मग तिला रडूं कोसळलें.

वार्षिक परीक्षेंत तिनें तें तसेंच म्हटलें. अभिनयास चांगले गुण मिळाले. गायनाचे कांहीं कापले गेले. गुणपत्रिकेच्या दोन रकान्यांत एकाच पदाचे असे दोन तुकडे व्हावेत, याचें आम्हांस वाईट वाटलें. गायनाचा रकाना वेगळा आहे तोंवर मुलें त्याच्यासाठीं वेगळें गाणारच. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्या मुलीस मात्र आम्हीं विचारलें, कीं पुन्हां परीक्षा झाली तर काय करशील. ती म्हणाली, "तान एक वाढवीन, सर. पण शारदेला विचारून."