हाली आणि कलदार

आमच्या गोरेगांवच्या घरीं आजीच्या पेटींत निजामाचे चांदीचे हाली रुपये चिंधींत बांधलेले असत. साधारणतः सात हालींस सहा कलदार हा भाव. शेजारच्या वऱ्हाडांत कलदारच चाले, म्हणून वाशीमच्या बाजारीं जातांना नाणें बदलावें लागे. १९४८ त निजामाची राजवट संपली, १९५९ त हाली चलनहि बंद झालें. मुदतींत रुपये बदलून घेण्याचें आजीला सुचलें नाहीं. पुढें वर्गांत रिझर्व्ह बँकेचा पाठ शिकवितांना आम्हांस ती चिंधी आठवे. १९३५ त स्थापन झालेल्या त्या बँकेच्या नोटेवर गव्हर्नराचें वचन असतें. त्यामागें सोन्याहून शब्दाचेंच बळ अधिक. आजीजवळ निदान चांदी तरी उरली. शब्द मोडला तर आम्हांपाशीं कागदच उरेल.