इतिहासाची शिक्षिका आणि अपुरी रोजनिशी

१/ अंतराळवीर म्हटले की वैमानिक किंवा शास्त्रज्ञ आठवतो. आजची गोष्ट मात्र एका इतिहास-शिक्षिकेची. क्रिस्टा मॅकऑलिफ अमेरिकेतील काँकॉर्ड गावच्या शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवीत. अमेरिकी स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यासक्रम त्यांनी स्वतः आखला होता. सामान्य माणसांची पत्रे आणि रोजनिश्या हीच त्यांच्या दृष्टीने इतिहासाची खरी साधने.

२/ १९८४ साली शिक्षकाला अंतराळात पाठविण्याची योजना जाहीर झाली. ११,००० हून अधिक अर्ज आले. क्रिस्टांनी अर्जात रोजनिशी लिहिण्याचा संकल्प मांडला: प्रशिक्षण, उड्डाण आणि परतीनंतरचे दिवस. पूर्वी गाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या स्त्रियांनी लिहिल्या, तशीच. जुलै १९८५ मध्ये त्यांची निवड झाली.

३/ २८ जानेवारी १९८६. कडाक्याच्या थंडीने रॉकेटच्या सांध्यातील रबरी कडे ताठरले, तप्त वायू बाहेर पडला आणि ७३ सेकंदांत ‘चॅलेंजर’ यान भंगले. सातही जण गेले. रोजनिशी अपुरीच राहिली.

४/ त्यांच्या राखीव सहकारी बार्बरा मॉर्गन आयडाहोतील मॅकॉल गावी पुन्हा मुलांना शिकवू लागल्या. १९९८ मध्ये नासाने त्यांना पूर्णवेळ अंतराळवीर म्हणून निवडले. ऑगस्ट २००७ मध्ये, २१ वर्षांनंतर, त्या ‘एंडेव्हर’मधून अंतराळात गेल्या. यानाचा यांत्रिक हात त्यांनी चालविला, मुलांच्या प्रश्नांना तेथूनच उत्तरे दिली. २०१८ मध्ये जो अकाबा आणि रिकी आर्नल्ड या माजी शिक्षकांनी क्रिस्टांचे राहिलेले काही पाठ अंतराळस्थानकात सादर केले.

५/ मी बुलढाणा जिल्ह्यात इतिहास शिकवितो. आमच्या लोणारचे विवर अंतराळातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने झाले. तेथील काच-साबणाच्या कच्च्या मालाची दखल ‘ऐन-ए-अकबरी’ने घेतली, १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. पण पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकाठी क्षार वेचणाऱ्यांपैकी एकाचेही नाव मला कोठे सापडले नाही.

६/ म्हणून सहलीला निघताना मी मुलांना सांगतो: विवराचा व्यास लिहा, तसेच आजीने सांगितलेली तळ्याची आठवणही लिहा, तारीख आणि तिचे नाव घालून. महसूल मोजणारे आपले कागद जपतात. क्षार वेचणारीचा कागद तिच्या नातवंडांनाच लिहावा लागेल. क्रिस्टांचा हा धडा शिकायला यानाची गरज नाही. एक वही पुरते.